आधी पाणी, मग दूध : जपानी प्रसाधनातील एका क्रमाचा इतिहास

जपानी भाषेत 'न्यूएकी' असा एक शब्द आहे. 'न्यू' म्हणजे दूध आणि 'एकी' म्हणजे द्रव. चेहऱ्याला लावायच्या पातळ, दुधासारख्या दिसणाऱ्या, हलक्या स्निग्ध द्रवाचे हे नाव. इंग्रजीतून आलेला 'इमल्शन' हा शब्द आपण त्यासाठी वापरतो. त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथेही त्याचा संबंध दूध काढण्याशीच आहे. मराठी विज्ञानलेखकांनी ह्याच पदार्थासाठी 'पायस' हा पारिभाषिक शब्द योजला, तोही 'पयस्' म्हणजे दूध ह्यावरूनच. तीन निरनिराळ्या भाषांनी एकाच वस्तूचे वर्णन करण्यासाठी दुधाकडे धाव घ्यावी, ही भाषेच्या अभ्यासकाला सुखावणारी गोष्ट आहे. परंतु जपानपुरते पाहिले तर ह्या शब्दामागे एक अडचण आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय ती अडचण हाच आहे.

जपानी पद्धतीची त्वचेची निगा म्हणून आज जी क्रिया जगभर ओळखली जाते, तिचा गाभा अगदी साधा आहे. चेहरा धुवावा. तो ओलसर असतानाच 'केशोसुई' म्हणजे प्रसाधनाचे पाणी तळव्यांनी किंवा कापसाने हलके दाबून लावावे. ते मुरले की न्यूएकीचे थोडे थेंब घेऊन गाल, कपाळ, हनुवटी असे पसरावेत. नाक-कपाळ तेलकट असेल तर तिथे कमी लावावे. दमट उन्हाळ्यात एवढ्यावर थांबावे आणि कोरड्या हिवाळ्यात वरून दाट क्रीमचा हात फिरवावा. आधी पाणी, मग दूध, मग हवे तर लोणी, असा हा क्रम. हा क्रम फार प्राचीन आहे, क्योतोच्या दरबारी स्त्रिया आणि एदोच्या गणिका तो पाळत आल्या, असे सूचित करणारी जाहिरातवजा वाक्ये आपण वारंवार वाचतो. इतिहास मात्र तसे सांगत नाही. हा क्रम आधुनिक आहे. ज्या रूपात तो आज पाळला जातो त्या रूपाला जेमतेम एका शतकाचे वय आहे. त्याच्या आधीच्या हजारभर वर्षांचा जपानी प्रसाधनाचा इतिहास त्वचेची निगा राखण्याचा कमी आणि त्वचा झाकण्याचा अधिक आहे. त्या झाकण्याची जी किंमत मोजावी लागली, ती ध्यानात घेतल्यावाचून न्यूएकीच्या हलकेपणाचा अर्थ कळत नाही.

झाकण्यासाठी वापरायचा पदार्थ म्हणजे 'ओशिरोई', पांढरी भुकटी. 'निहोन शोकी' ह्या प्राचीन इतिवृत्तात एक नोंद आहे. इ. स. ६९२ मध्ये कान्जो नावाच्या भिक्षूने शिशापासून पांढरी भुकटी तयार केली आणि सम्राज्ञी जितो हिने प्रसन्न होऊन त्याला बक्षीस दिले. जपानमधल्या प्रसाधनाच्या इतिहासाचे हे एक आरंभस्थान मानले जाते. आपल्याकडे रंगकाम करणारे ज्याला 'सफेदा' म्हणत आले, त्याच जातीचा हा शिशाचा क्षार. दुसरा प्रकार पाऱ्यापासून होई. एदो काळात इसे प्रांताची पाऱ्याची भुकटी आणि क्योतोची शिशाची भुकटी असे दोन्ही माल बाजारात होते. शिशाची भुकटी स्वस्त होती, त्वचेला चांगली चिकटत होती आणि पाण्यात कालवून कुंचल्याने गळ्यापर्यंत, मानेच्या मागेपर्यंत लावता येत होती. अंधाऱ्या दालनात, मेणबत्तीच्या किंवा तेलाच्या दिव्याच्या उजेडात तो पांढरा चेहरा उठून दिसे.

ह्याचा अर्थ त्वचेच्या निगेचा विचार त्या काळी अजिबात नव्हता असे नाही. सार्वजनिक स्नानगृहात जाणाऱ्या बायका तांदळाच्या कोंड्याची लहानशी पुरचुंडी बरोबर नेत आणि तिने अंग घासत. घोसाळ्याच्या वेलाचा बुंधा कापून त्यातून ठिबकणारे पाणी बाटलीत धरून ठेवण्याची चाल होती. १८१३ साली प्रसिद्ध झालेले 'मियाको फूझोकु केवाइदेन' हे सायामा हान्शिचिमारू ह्याचे पुस्तक ह्या सगळ्या माहितीचा खजिनाच आहे. प्रसाधनावरचे हे सचित्र पुस्तक शंभर वर्षांहून अधिक काळ पुन्हा पुन्हा छापले जात राहिले. त्यात 'हाना नो त्सुयु' म्हणजे 'फुलांचे दव' नावाच्या सुगंधी पाण्याची कृती आहे. रानगुलाबाची फुले 'रान्बिकी' नावाच्या पात्रात घालून त्यांचा अर्क काढायचा. रान्बिकी नसेल तर घरातल्या किटलीवर काम कसे भागवावे, तेही लेखकाने सांगितले आहे. हा 'रान्बिकी' शब्द जपानी नव्हे. तो पोर्तुगीज 'आलांबिक'चा अपभ्रंश आहे, आणि पोर्तुगीजांनी तो अरबीतून घेतला होता. ज्या पोर्तुगीज गलबतांनी असे शब्द नागासाकीला नेले, ती गोव्याहून निघून मलाक्का आणि मकाव ह्या मार्गाने जात असत. तेव्हा ज्याला आपण शुद्ध जपानी परंपरा म्हणून नावाजतो, त्या परंपरेच्या भांड्यावरच परदेशाची मोहोर आहे.

पण त्या पुस्तकातली खरी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. हे फुलांचे दव केव्हा लावायचे? आजचा वाचक सहज म्हणेल, सर्वांत आधी. पुस्तक सांगते की प्रसाधन आटोपल्यावर, म्हणजे पांढरा लेप चढवून झाल्यावर, कुंचल्याने थोडेसे वरून लावावे. त्याने चकाकी येते, सुवास येतो, त्वचेचा पोत सुधारतो. म्हणजे इथे पाणी शेवटी आले आहे. ज्या क्रमाला आपण सनातन समजतो तो ह्या सर्वाधिक वाचल्या गेलेल्या प्रसाधनग्रंथात उलटा आहे. ह्याहून स्पष्ट पुरावा दुसरा कोणता हवा?

ह्याच सुमारास ह्या कथेत एक साहित्यिक प्रवेश करतो. शिकितेई सान्बा (१७७६–१८२२) हे नाव साहित्याच्या विद्यार्थ्यांना 'उकियोबुरो' ह्या विनोदी ग्रंथामुळे ठाऊक असते. १८०९ ते १८१३ ह्या काळात चार भागांत निघालेल्या ह्या ग्रंथात कथानक जवळजवळ नाहीच. एदो शहरातले एक सार्वजनिक स्नानगृह आहे, तिथे येणारी-जाणारी माणसे आहेत आणि त्यांची बोली आहे. त्यातले दोन भाग बायकांच्या स्नानगृहाचे आहेत. बोलीभाषेचे एवढे बारकाईने केलेले लेखन त्या काळात दुर्मीळच, आणि म्हणून भाषेचे अभ्यासक आजही ह्या ग्रंथाकडे वळतात. परंतु लेखनावर पोट भरणे एदोतही सोपे नव्हते. सान्बाने औषधांचे दुकान थाटले आणि १८११ मध्ये 'एदो नो मिझु', म्हणजे 'एदोचे पाणी', नावाचे प्रसाधनाचे पाणी विकायला काढले. ते काचेच्या कुपीत मिळे. ते लावले की पांढरी भुकटी चेहऱ्यावर नीट बसते, असा त्याचा दावा होता. आणि मग ह्या लेखकाने आपल्याच ग्रंथातल्या पात्रांच्या तोंडी आपल्याच मालाचे नाव घातले. स्नानगृहात गप्पा मारणाऱ्या बायका सहज बोलता बोलता एदोच्या पाण्याची तारीफ करतात. त्याने ह्या पाण्याचे नाव शीर्षकात असलेले एक चित्रपुस्तकही लिहिले.

सान्बा एकटा नव्हता. त्याचा समकालीन सान्तो क्योदेन तंबाखूच्या पिशव्यांचे दुकान चालवी आणि गोळ्याही विकत असे. 'बिएन सेन्जोको' नावाच्या ओशिरोईचे पुडके तर केइसाई एइसेनसारख्या चित्रकारांच्या रंगीत ठशांमध्ये सुंदरींच्या हाताशी दिसते, आणि त्या भुकटीला दिलेले नावही एका काबुकी नटाच्या काव्यनामावरून घेतलेले होते. वाङ्मय, रंगभूमी, चित्रकला आणि दुकान ह्यांच्यात आपण आज ज्या भिंती कल्पितो त्या एदोमध्ये नव्हत्या. ह्यात नाक मुरडण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही. मात्र दोन गोष्टी नोंदवाव्या लागतात. एक अशी की प्रसाधनाच्या पाण्याला 'गोष्ट' जोडून ते विकण्याची कला लेखकांनी घडवली. दुसरी अशी की सान्बाचे पाणी त्वचेसाठी नव्हते, भुकटीसाठी होते. ओलावा हा झाकण्याचा सेवक होता. आणि झाकायचे होते ते शिशाने.

शिसे शरीरात साठत जाते. ज्यांचा धंदाच रोज चेहरा, मान आणि छाती रंगवण्याचा होता, त्या नटांना आणि गेइशांना त्याचा फटका प्रथम बसला. २६ एप्रिल १८८७ रोजी परराष्ट्रमंत्री इनोउए काओरू ह्यांच्या घरी सम्राट मेइजीसमोर काबुकीचा प्रयोग झाला. पिढ्यान्‌पिढ्या बदनाम वस्तीशी जोडल्या गेलेल्या ह्या कलेला राजमान्यता मिळण्याचा तो दिवस होता. 'कान्जिन्चो' ह्या नाटकात योशित्सुनेची भूमिका करणाऱ्या चौथ्या नाकामुरा फुकुसुकेचे पाय थरथरू लागले. ते शिशाच्या विषबाधेमुळे होते, हे निष्पन्न झाल्यावर ओशिरोईचा प्रश्न सार्वजनिक झाला. हाच नट पुढे पाचवा उताएमोन म्हणून विख्यात झाला. स्त्रीभूमिकांचा तो थोर कलावंत होता आणि उत्तरायुष्यात हालचाल करणे त्याला उत्तरोत्तर कठीण होत गेले. ज्या पांढऱ्या रंगाने त्याला स्त्री बनवले त्याच रंगाने त्याचे शरीर हिरावून घेतले.

सरकारने १९०० साली घातक रंगद्रव्यांवर निर्बंध घातले, पण शिशाच्या ओशिरोईला तूर्तास सूट दिली. ही 'तूर्तास'ची सूट तीन दशकांहून अधिक चालली. १९०४ मध्ये इतो कोचोएन ह्या संस्थेची 'मिसोनो' ही शिसेरहित भुकटी बाजारात आली, तरी शिशाची भुकटी हटली नाही. ती स्वस्त होती आणि चेहऱ्यावर अधिक चांगली बसत होती. दरम्यान तान्ह्या मुलांमध्ये मेंदूच्या आवरणाच्या दाहासारखा एक आजार दिसत होता आणि त्याचे कारण कुणालाच उमगत नव्हते. क्योतोच्या शाही विद्यापीठातील बालरोगतज्ज्ञ हिराई इकुतारो ह्यांनी १९२३ मध्ये त्याचे कारण दाखवून दिले : आईच्या अंगावरची शिशाची ओशिरोई. मानेला, छातीला लावलेली ती भुकटी आईच्या कुशीत असलेल्या बाळाच्या तोंडात जात होती. दूध पिता पिता बाळ शिसे खात होते. शिशाच्या ओशिरोईवर प्रत्यक्ष बंदी यायला १९३०चे दशक अर्धे सरावे लागले.

हा तपशील मनात ठेवून आता 'दूध' ह्या शब्दाकडे परत येऊ. मेइजी काळापूर्वीच्या जपानमध्ये गाईचे दूध पिण्याची सार्वत्रिक चाल नव्हती. प्राचीन दरबारात दुग्धजन्य पदार्थांचे उल्लेख आहेत, पण सामान्य माणसाच्या आहारात दूध नव्हते. ते आले मेइजी काळात. पाश्चात्त्य, आरोग्यदायी, बलवर्धक, सुधारकी अशी त्याची ख्याती होती. त्या काळच्या साहित्याला ह्या नव्या दुधाचा वास आहे. 'नोगिकु नो हाका' ही हळवी कादंबरिका लिहिणारा कवी इतो साचिओ तोक्योत दुधाचा व्यवसाय करीत असे. आकुतागावा र्युनोसुकेच्या जन्मदात्या वडिलांचाही धंदा दुधाचाच होता. तेव्हा 'न्यूएकी' ह्या नावातले दूध प्राचीन जपानचे असणे शक्यच नाही. प्रारंभी म्हटलेली अडचण ती हीच. हे दूध मेइजी सुधारणेचे दूध आहे.

आणि त्याचा पुरावाही हाताशी आहे. १९०६च्या सुमारास, म्हणजे साचिओची ती कादंबरिका आली त्याच काळात, तोक्योच्या हिराओ सान्पेई ह्या व्यापारी पेढीने एक दुधाळ प्रसाधनजल बाजारात आणले. नाव होते 'लेत'. फ्रेंच भाषेत ह्याचा अर्थ दूध. पुढे ह्या पेढीचा इतका दबदबा झाला की ओसाकाच्या 'क्लब' ह्या मालाशी तिची जोडी लावून 'पूर्वेला लेत, पश्चिमेला क्लब' अशी म्हणच पडली. त्याआधी १८९७ मध्ये गिन्झातल्या शिसेइदोने 'युडर्मिन' हे लालसर रंगाचे प्रसाधनजल काढले होते. शिसेइदोची स्थापना १८७२ची. संस्थापक फुकुहारा आरिनोबु हे नौदलातले औषधनिर्माते. दुकानाचे नाव चिनी 'यी जिंग' ग्रंथातून घेतलेले आणि मालाचे नाव ग्रीकमधून : 'यु' म्हणजे चांगले, 'डर्मा' म्हणजे त्वचा. चांगली त्वचा. इथे एक सूक्ष्म पण मूलगामी बदल झालेला दिसतो. सान्बाच्या पाण्याच्या नावात शहर होते, हान्शिचिमारूच्या पाण्याच्या नावात फूल होते, ह्या नव्या पाण्याच्या नावात प्रथमच त्वचा आली. भुकटी बाजूला सरून त्वचा हा कर्ता बनला. आधी पाणी, मग दूध ह्या क्रमाला अर्थ येण्यासाठी ही पूर्वअट होती. जिथे त्वचा झाकायचीच आहे तिथे पाणी आधी की नंतर हा भुकटीच्या सोयीचा प्रश्न असतो. जिथे त्वचा दिसायची आहे तिथे तो त्वचेचा प्रश्न होतो.

हा बदल सरळ रेषेत झाला असे मात्र समजू नये. जुने आणि नवे एकमेकांत मिसळतच राहिले. मराठी वाचकाला हायकू मुख्यत्वे शिरीष पै ह्यांच्यामुळे परिचित झाला, आणि आधुनिक हायकूचा प्रवर्तक मासाओका शिकी हे नावही त्या ओघात आपल्याकडे आले. क्षयाने अंथरुणाला खिळलेल्या शिकीच्या अंगणात घोसाळ्याचा वेल होता. त्या वेलाचे पाणी कफावर औषध म्हणून घेतले जाई. १९ सप्टेंबर १९०२ रोजी शिकी गेला. आदल्या दिवशी लिहिलेल्या त्याच्या शेवटच्या तिन्ही हायकूंत घोसाळे आहे, आणि त्याची पुण्यतिथी आजही घोसाळ्याच्याच नावाने ओळखली जाते. १९१५ मध्ये त्याच घोसाळ्याच्या पाण्याचे नाव घेऊन 'हेचिमा कोलोन' नावाचे प्रसाधनजल निघाले. 'हेचिमा' हा घरगुती शब्द आणि 'कोलोन' हा युरोपीय, अशी ही जोडणी. त्याच्या जाहिरातींसाठी ताकेहिसा युमेजीसारख्या लोकप्रिय चित्रकाराने चित्रे काढली. तेरा वर्षांच्या अंतराने एकच वेल मृत्यूच्या कवितेत आणि सौंदर्याच्या जाहिरातीत उभा राहतो. सान्बाचा वारसा संपला नव्हता.

१९३३–३४ मध्ये तानिझाकी जुन्इचिरोचा 'इन्एई राइसान' हा छायेची महती गाणारा निबंध प्रसिद्ध झाला. तो आपल्याकडे इंग्रजी भाषांतरातून पुष्कळ वाचला जातो, वर्गात शिकवलाही जातो. विजेच्या दिव्यांनी काय नष्ट केले, अंधाऱ्या घरात काळे दात आणि पांढरा चेहरा ह्यांचे सौंदर्य कसे उमलत असे, ह्याविषयी तानिझाकीने जे लिहिले त्याची मोहिनी कुणी नाकारणार नाही. पण तो निबंध ज्या वर्षांत छापला गेला त्याच वर्षांत शिशाची ओशिरोई कायद्याने हद्दपार होत होती, हे सहसा वर्गात सांगितले जात नाही. ह्या दोन घटना शेजारी ठेवल्या की निबंध अधिक गुंतागुंतीचा होतो. तानिझाकीची छाया खरी होती. तिच्यात पांढरा चेहरा सुंदर दिसत होता हेही खरे असेल. पण त्या छायेत नटाचे थरथरणारे पाय आणि तान्ही मुलेही होती. विजेच्या प्रकाशाने जाड लेपाचे सौंदर्य घालवले, हे तानिझाकीचे दुःख. त्याच प्रकाशात उघड्या त्वचेकडे पाहण्याची सवय लागली आणि हलक्या द्रवांना जागा झाली, हे त्याच घटनेचे दुसरे अंग. सौंदर्यशास्त्राने पहिल्याची नोंद घेतली. दुसरे त्याने रसायनशास्त्रावर सोपवले.

तेव्हा थोडे रसायनशास्त्रही पाहू. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत. त्यांना एकत्र नांदवायचे तर दोघांशीही सख्य असलेला तिसरा रेणू मध्ये लागतो. पाण्यात तेलाचे सूक्ष्म थेंब तरंगत असतील तर दूध होते. तेलात पाण्याचे थेंब अडकले तर लोणी. मराठी घरात घुसळण पाहिलेल्या कुणालाही हे निराळे समजावून सांगायला नको. विरजलेली साय घुसळता घुसळता एक घटिका अशी येते की सगळे एकदम पालटते, पाण्यातले तेल जाऊन तेलातले पाणी होते आणि लोण्याचा गोळा वर येतो. ह्या पालटण्याला रसायनशास्त्रज्ञ प्रावस्थेचे व्युत्क्रमण म्हणतात. योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठातील शिनोदा कोझो ह्यांनी १९६४ मध्ये दाखवले की विशिष्ट प्रकारच्या मध्यस्थ रेणूंच्या बाबतीत हे पालटणे तापमानावर अवलंबून असते, आणि प्रत्येक मिश्रणाचे असे एक तापमान सांगता येते. त्या तापमानाच्या आसपास मिश्रण घडवून ते झटकन थंड केले की अतिशय बारीक थेंबांचे पायस मिळते. तेल कमी, पाणी जास्त आणि तरीही न फाटणारे पातळ दूध करणे ह्या ज्ञानाने पुष्कळ सुकर झाले. न्यूएकीचा आजचा हलकेपणा अशा प्रयोगशाळांतून आलेला आहे.

हे दूध त्वचेवर काय करते? त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातून पाण्याची वाफ सतत निघत असते. ग्लिसरीन, हायलुरोनिक आम्ल असे पदार्थ पाणी धरून ठेवतात, पण एकटे असले तर कोरड्या हवेत तेही पाणी गमावतात. वरचा तेलाचा पातळ पडदा ते पाणी उडून जाण्याचा वेग कमी करतो. दाट क्रीम हेच काम अधिक जोराने करते. परंतु जपानच्या दमट उन्हाळ्यात तो जाड पडदा नकोसा होतो, म्हणून हे मधले रूप तिथे रुजले. क्रमाचे तर्कशास्त्र एवढेच आहे. आणि तेही अटळ नाही. आल्बियन ही जपानी कंपनी अनेक वर्षे आपल्या ग्राहकांना आधी दूध आणि मग पाणी लावायला सांगत आली आहे. दुधाने त्वचा मऊ झाली की पाणी अधिक चांगले मुरते, असे त्यांचे म्हणणे. एकाच देशात, एकाच बाजारात, दोन परस्परविरोधी क्रम सुखाने नांदतात. परंपरा असती तर असे झाले असते का?

इथे लेख संपवला तर तो प्रगतीची सुखान्त कथा होईल : विषारी भुकटी गेली, निर्दोष दूध आले. इतिहास मात्र इतका सरळ नाही. चेहऱ्यावर काळपट डाग पडलेल्या स्त्रियांनी १९७७ मध्ये ओसाकाच्या न्यायालयात प्रसाधनकंपन्यांविरुद्ध दावा लावला. प्रसाधनातील सर्व घटकांची नावे वेष्टनावर छापण्याचे बंधन २००१ मध्ये आले. आणि ४ जुलै २०१३ रोजी कानेबो कॉस्मेटिक्स ह्या कंपनीने 'रोडोडेंड्रॉल' हा घटक असलेली आपली उत्पादने परत मागवत असल्याचे जाहीर केले. हा घटक रंग उजळवण्यासाठी होता, शासनाची त्याला मान्यता होती, आणि ज्या उत्पादनांत तो होता त्यांत प्रसाधनजले आणि पायसे ह्यांचाही समावेश होता. वापरणाऱ्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर कोडासारखे पांढरे चट्टे उठले. अशा लक्षणांची पुष्टी झालेल्यांची संख्या १९ हजारांहून अधिक होती. ६९२ साली ज्या पांढरेपणासाठी भिक्षूला बक्षीस मिळाले, तो पांढरेपणा आता भुकटीच्या रूपात नव्हता, दुधाच्या रूपात होता. झाकण्याची जागा निगेने घेतली, पण निगेच्या पोटात जुनी इच्छा तशीच राहिली. तिला आधुनिक जपानीत 'बिहाकु' म्हणतात. शब्दशः 'सुंदर पांढरे'. २०२१ मध्ये काओ ह्या कंपनीने हा शब्द आपल्या उत्पादनांवरून काढून टाकत असल्याचे जाहीर केले. आपल्याकडे त्याच्या आदल्या वर्षी, २०२० मध्ये, एका सर्वपरिचित क्रीमच्या नावातून गोरेपणाचा शब्द गाळण्यात आला. शब्द गेला म्हणजे इच्छा गेली असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पण इच्छेला आता नाव घ्यायची लाज वाटू लागली, एवढा अर्थ त्यातून नक्की निघतो.

साहित्याच्या अभ्यासकांनी ह्या इतिहासाकडे का पाहावे, असे कुणी विचारील. माझे उत्तर असे की ह्या वस्तूंचा अर्धा भाग भाषेचाच बनलेला आहे. सान्बाने कुपीत पाणी भरले आणि बाहेर गोष्ट चिकटवली. 'लेत'ने फ्रेंच दूध चिकटवले, 'युडर्मिन'ने ग्रीक त्वचा, आजच्या जाहिरातींनी सहस्रावधी वर्षांची परंपरा. ह्या गोष्टी वाचायला आपण शिकलेले असतो. रूपक कुठून आले, निवेदक कोण, त्याचा हेतू काय, हे प्रश्न आपल्या सवयीचे आहेत. कादंबरीला विचारतो ते प्रश्न कुपीला विचारायला हरकत नसावी. २००१ नंतर त्या कुपीच्या पाठीवर दुसराही एक मजकूर छापलेला असतो. त्यात एकही विशेषण नसते, एकही उपमा नसते. नुसती घटकांची नावे, बारीक अक्षरात, एकापुढे एक. शिशाच्या ओशिरोईवर अशी यादी कधीच नव्हती. क्योतोतल्या त्या मुलांच्या आयांना वाचण्यासाठी पुडक्यावर फक्त एक सुंदर नाव होते.